उलटा फर्मा

आमच्या वाचनालयात त्यांना हाक मारायला शब्द नव्हता. 'काका' म्हटलं की ते म्हणायचे, "मी तुमच्या वडिलांचा भाऊ नाही." 'साहेब' म्हटलं की कोण आलंय ते बघायला मागे वळायचे. देवघेव विभागातल्या आमच्या सहकाऱ्याने एकदा 'मामा' म्हणून पाहिलं. त्याच्याशी ते चार दिवस बोलले नाहीत; अर्थात एरवीही ते त्याच्याशी इतकं कमी बोलत, की त्याला फारसा फरक जाणवला नसावा. शेवटी आम्ही सगळे एकच करायचो. त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभं राहायचं आणि ते वर बघेपर्यंत थांबायचं. ते वर बघायचे तेव्हा आपल्या हातून काहीतरी सांडलंय असं वाटायचं.

ते पुस्तकं बांधायचे. फाटलेली, वाळवी लागलेली, भिजून फुगलेली, परीक्षेच्या दिवसांत उशाखाली चेपलेली पुस्तकं त्यांच्याकडे मागच्या खोलीत जात आणि महिन्याभराने ताठ होऊन परत येत. खोलीला उत्तरेकडे एक खिडकी होती, तिच्याखाली त्यांचं टेबल. टेबलावर दाभण, दोऱ्याची रिळं, पुस्तक दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा आणि खळीचं पातेलं. खळ ते स्वतः शिजवायचे, मैद्याची, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालून. बाजारच्या डिंकाला ते 'थुंकी' म्हणत.

मी तिथे सहायक ग्रंथपाल होते, हंगामी. हंगामीचा आमच्याकडे अर्थ असा, की काम कायमचं, नोकरी तेवढी तात्पुरती. त्यांनी बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी डकवलेली असे. तिच्यावर दोन ओळी: 'बांधणी' आणि 'तपासले'. पहिलीपुढे त्यांची सही, दुसरीपुढे माझी. मी पानांचा क्रम बघायचा, कुठे काही राहिलं नाही ना ते बघायचं आणि सही करायची. पहिलंच पुस्तक परत देताना मी म्हटलं, छान झालंय. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, मधोमध उघडलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "तिसरा टाका सैल आहे. दिसत नाही तर छान कशाला म्हणता?"

मला गोड माणसांची थोडी भीती वाटते. सार्वजनिक संस्थेत काम केल्याचा परिणाम असेल. तिथे माणसं एकमेकांना 'आदरणीय' म्हणत असतात आणि म्हणता म्हणता एकमेकांच्या खुर्च्यांची उंची बघत असतात. कुरकुरणाऱ्याचं तसं नसतं. खोट काढायची तर आधी समोरच्याकडे नीट बघावं लागतं. ते माझ्याकडे नीट बघायचे. माझ्या ड्रेसची शिलाई उसवलीय, माझ्या डब्यातली भेंडी जून आहे, मी तीन रात्री झोपलेले नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं, आणि तिन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच नाराजीने सांगितल्या. शेवटच्या गोष्टीचं कारण मात्र विचारलं नाही. माझी आई तेव्हा दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरच्या तपासायच्या पुस्तकांचा ढीग निम्मा झाला होता. विचारलं तर म्हणाले, "माझंच काम झालं नाही. खळ बिघडली." खळ अजिबात बिघडलेली नव्हती. पातेलं मी पाहिलं होतं.

नाशिकच्या माणसाला नाशिकच्या हवेचं कौतुक ऐकायची सवय असते. बाहेरगावहून बदली होऊन आलेल्या एका सभासदाने त्यांच्यासमोर ते सुरू केलं, तेव्हा ते म्हणाले, "हवा बरी आहे. पण लोक ती एकदा आत घेतात आणि पुन्हा बाहेर सोडतात." निफाडचा एक द्राक्ष बागाईतदार आमचा जुना वाचक. त्याच्या आजोबांची हस्तलिखित वही यांनी नीट करून दिली, म्हणून तो द्राक्षांची पेटी घेऊन आला. यांनी एक मणी तोंडात टाकला. "पाणी जास्त झालंय." बागाईतदाराचा चेहरा उतरला. जाताना मला हळूच म्हणाला, की खरंय, ऐन वेळी जरा जास्तच सोडलं गेलं, पण घरात कुणाच्या जिभेला कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. या वेळी मणी खाऊन हे काहीच बोलले नाहीत, पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले. तो जिना उतरला तेव्हा शीळ घालत होता.

त्यांची खरी कुरकुर पेन्सिलीने लिहिलेली असे. पुस्तक बांधून झालं की चिठ्ठीच्या खाली, बारीक अक्षरात, त्या पुस्तकावर वाचकांनी केलेल्या अत्याचारांची नोंद. 'पान ८८ : शेव. वाचकाने एका वेळी एकच काम करावे.' 'पान १२ ते ४० : कोपरे दुमडले आहेत. चाळीसनंतर वाचलेले दिसत नाही.' एका रहस्यकथेत कुणीतरी खुन्याच्या नावाखाली पहिल्याच प्रकरणात रेघ ओढून ठेवली होती. तिथे त्यांनी लिहिलं, 'अशा माणसाशी कोण लग्न करते?' हळूहळू असं झालं, की आमचे वाचक पुस्तक घेताना आधी शेवटचं पान उघडून बघायला लागले. कार्यवाहांना ही गोष्ट संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधक वाटली. त्यांनी यांना लेखी समज दिली. यांनी त्या समजपत्राच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर कापडाची मापं काढली. मग नोंदी खोडायचं काम माझ्याकडे आलं. मी खोडायचे, पण अशा बेताने की उजेडात तिरकं धरलं तर वाचता यावं.

सिडकोतल्या एका निवृत्त शिक्षिकेने एकदा घरचं पुस्तक आणलं. त्यांचे पती वर्षभरापूर्वी गेले होते. पुस्तकाच्या एका पानावर त्यांच्या तेलकट अंगठ्याचा ठसा होता. बाईंनी तो दाखवला नाही, फक्त म्हणाल्या, सगळं नीट करून द्या. यांनी त्यांना पाऊण तास बोलून घेतलं. पुस्तक ठेवायची ही पद्धत नव्हे, कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नसतात, वगैरे. पुस्तक बांधून आलं तेव्हा एकही पान सुटं नव्हतं आणि ठसा होता तिथेच होता. त्यांना असले डाग काढता येत. खडूची भुकटी आणि टीपकागद घेऊन ते तासन् तास बसलेले मी पाहिले आहेत. बाईंना म्हणाले, "डाग जुना आहे. निघत नाही."  जाताना बाईंनी त्या पानावर हात ठेवलेला होता.

त्यांचे डोळे जाताहेत हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण ते लपवण्याची त्यांची रीत त्यांच्या स्वभावाशी इतकी जुळणारी होती. ते जास्त चिडायला लागले. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी लावली म्हणून, ट्यूबलाइट फडफडते म्हणून, छापणाऱ्यांनी अक्षर बारीक केलं म्हणून. सुईत दोरा आधी एका झटक्यात जायचा. आता ते सुईचं भोक जिभेने चाचपत. अस्तराचा कागद उलटसुलट बोटांनी चोळून बघत. बांधणी पूर्वीसारखीच घट्ट होती, कारण ती त्यांच्या हातांना येत होती. पानावरचे आकडे मात्र हातांना वाचता येत नाहीत.

आणि नेमक्या त्याच काळात संस्थेने आधुनिक व्हायचं ठरवलं होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कोणी मशीनवर बांधणी करून देणारे होते. त्यांचा नमुना कार्यवाहांनी समितीत फिरवला, सगळ्यांनी तो हातात घेऊन चकचकीत आहे असं मत दिलं. फक्त जुन्या माणसाला काढायला कारण हवं होतं. कारण नसताना काढलं असतं तर वाचक ओरडले असते.

अशा वेळी ते जुनं प्रवासवर्णन माझ्याकडे तपासायला आलं. दुर्मीळ, संस्थेच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी. त्याला त्यांनी गर्द तांबडं कापड लावलं होतं, सोनेरी अक्षरं काढली होती, खुणेसाठी रेशमी फीत शिवली होती. त्यांच्या हातून झालेलं ते सर्वांत देखणं काम असावं. मी पानं उलटत गेले. एकशे बाराव्या पानानंतर सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती. पुस्तकात सोळा-सोळा पानांचे जुडगे एकापुढे एक शिवलेले असतात, त्याला फर्मा म्हणतात. त्यातला एक फर्मा उलटा शिवला गेला होता. शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात करतो ती चूक.

मी उठून मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ते खिडकीशी एक कागद उजेडात धरून उभे होते, नाकापासून चार बोटांवर. मी परत फिरले. चूक दाखवली असती तर ती त्यांनी उसवून नीट केली असती, पण मग त्यांना कळलं असतं की मला कळलंय. आणि चिठ्ठीवर शेरा लिहिला असता तर कार्यवाहांना हवं ते कारण मीच दिलं असतं. मी 'तपासले'पुढे सही केली आणि पुस्तक दुर्मीळ विभागात सर्वांत खालच्या फळीवर, मागच्या रांगेत ठेवून दिलं. तिथे कोणी वाकत नाही.

वर्धापन दिनाला कार्यवाह वाकले. त्यांना प्रमुख पाहुण्यांच्या हातात शोभेल असं काहीतरी हवं होतं. मी त्या दिवशी दारात गुलाबपाणी शिंपडण्याच्या कामावर होते. पुस्तक व्यासपीठावर पोहोचल्यावरच मला दिसलं. शाली झाल्या, नारळ झाले, पुस्तकाच्या आकाराची फायबरची स्मृतिचिन्हं झाली. ती उघडत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण. मग पाहुणे, कुठल्यातरी मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ, ग्रंथ हेच गुरू वगैरे बोलून उतारा वाचायला उभे राहिले. फीत एकशे अकराव्या पानावर होती. ते वाचत गेले, पान उलटलं आणि थांबले. मग पुस्तक उलटं केलं. समोर बसलेल्या सगळ्यांना मुखपृष्ठावरची सोनेरी अक्षरं डोकं खाली करून दिसली. कोणीतरी फिसकन हसलं. पाहुणे अनुभवी होते. "आपल्याकडे हल्ली सगळंच उलटं असतं," असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या आणि पुढे वाचायला लागले.

उलट्या फर्म्यात पानंही मागून पुढे येतात. त्यामुळे नदी ओलांडायला नावेत बसलेला तो प्रवासी पुढच्या वाक्यात थेट धर्मशाळेत तापाने फणफणलेला होता. हे सभागृहात कोणाच्याही लक्षात आलं नाही, वाचणाऱ्याच्याही नाही. लक्षात आलं ते फक्त आम्हा दोघांच्या. ते मागच्या दाराशी उभे होते. असल्या तमाशाला मी येत नाही असं आठवडाभर सांगून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तरी त्यांना दिसलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सोमवारी समितीने मला बोलावलं. टेबलावर ते पुस्तक शेवटच्या पानाशी उघडं ठेवलेलं होतं. कार्यवाहांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं. ते रागावलेले नव्हते. त्यांना एक कारण मिळालं होतं आणि ते प्रसन्न होते. मला कायम करण्याचा ठराव त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर होता, हे त्यांनी जाता जाता आठवण करून दिल्यासारखं सांगितलं.

"बाई, तुम्ही तपासलंत तेव्हा हे पाहिलं नाहीत?"

दोन उत्तरं होती. पाहिलं होतं असं म्हटलं तर पाहूनही सही का केली, हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "माझ्या लक्षात आलं नाही."

ते माझ्या मागे दारात येऊन उभे आहेत हे मला माहीत नव्हतं. बांधणी करणाऱ्यांनाही समितीने बोलावलेलं होतं. माझं वाक्य संपलं आणि मागून त्यांचा नेहमीचा, किरकिरलेला आवाज आला.

"बाईंनी पाहिलं तेव्हा बरोबर होतं. सही झाल्यावर मी ते पुन्हा उसवलं. कापड मनासारखं बसलं नव्हतं. परत शिवताना फर्मा उलटा लागला."

कापड पहिल्यापासून मनासारखं बसलेलं होतं. आयुष्यभर ज्या माणसाने कुणाला खोटं 'बरं' म्हटलं नाही, तो माणूस पाच जणांसमोर सरळ खोटं बोलत होता, आणि तेही इतकं ओबडधोबड, की मुद्दाम रचलं असेल अशी माझ्याशिवाय कुणाला शंका आली नाही.

ठराव दोन्ही मंजूर झाले, मला कायम करण्याचा आणि त्यांना कमी करण्याचा. दुपारी त्यांनी दाभण आणि रिळं पिशवीत भरली, पातेलं घासून उपडं घातलं. शिकंजा संस्थेचा होता, तो पुसून ठेवला. मी टेबलाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही.

मशीनची बांधणी सहा महिने टिकते. पुस्तक पुरतं उघडलं की मधून कटकन आवाज येतो आणि पानं ओंजळीत येतात. मी आता तिथली ग्रंथपाल आहे. अशा पानांना रबरबँड लावण्याचा अधिकार माझा आहे.

त्यांचं घर पंचवटीत होतं, दोन खोल्या आणि एक गॅलरी. मी रविवारी जायला लागले. रिकाम्या हाताने गेले असते तर दारातून परत पाठवलं असतं, म्हणून घरचं एकेक पुस्तक बांधायला नेत असे. ते ती गॅलरीत बसून बोटांनी बांधत. महिनोन् महिने लावत. कुरकुर सगळ्याची होती. मी रिक्षाने येते, माझ्याकडे चांगली पुस्तकं नाहीत, त्यांच्या पत्नी चहा पातळ करतात, गंगेवरचे, म्हणजे गोदाकाठचे, भोंगे वाढलेत. त्या सोमवारबद्दल मात्र एक अक्षर नाही. इतक्या तक्रारींच्या गर्दीत ती एकच तक्रार नसणं मला सहन होत नव्हतं. शेवटी एका रविवारी मीच बोलले. म्हटलं, मी तो फर्मा पाहिला होता. सही करताना पाहिला होता.

त्यांचा हात थांबला नाही. ते मूळचे सटाण्याकडचे. अहिराणी ते फक्त घरात बोलत, नाहीतर फार चिडले की. त्या दिवशी चिडलेले नव्हते.

"मले माहीत शे," ते म्हणाले. मग टाका ओढून, आमच्या मराठीत, "खालच्या फळीवर ठेवलंत. नवं बांधलेलं पुस्तक खालच्या फळीवर कोण ठेवतं? ओल असते तिथे."

त्यावर मला हसू आलं, आणि मग हसू नाही असं काहीतरी आलं. त्यांनी पत्नीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. पातळ करू नका, म्हणाले.

या हिवाळ्यात ते गेले. मी दहाव्याला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने मला बाजूला बसवलं. "तुमच्यावर लय चिडायचे," त्या म्हणाल्या. "रविवारी सकाळपासून सुरू. ती बाई येईल, डोकं खाईल. आणि तुम्ही नाय आल्या, की मग दिवसभर माझं खायचे." आत जाऊन त्यांनी माझा शब्दकोश आणला. मी तो पावसाळ्यात नेऊन दिला होता; झाला असेल अशी मला आशा नव्हती. तांबड्या कापडाची ती जाडजूड बांधणी हातात घेतल्याबरोबर कळलं, की एकही टाका सैल नाही.

घरी येऊन उघडला. मधली सोळा पानं उलटी आहेत. 'प'ने सुरू होणारे बरेचसे शब्द बघायचे असले की मला तो भला मोठा कोश टेबलावर फिरवून घ्यावा लागतो, आणि पानंही मागून पुढे चाळावी लागतात. कामाच्या गडबडीत वैताग येतो. मग मी तोंडातल्या तोंडात थोडं कुरकुरते आणि मला बरं वाटतं.

शेवटच्या पुठ्ठ्याला आतून चिठ्ठी आहे. वाचनालयातली जुनी छापील चिठ्ठी. जाताना काही सोबत नेल्या असाव्यात. तिच्याखाली पेन्सिलीने, पूर्वीच्या चौपट मोठ्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत लिहिलंय :

'पान ४० : डोक्याचे तेल. झोपून वाचू नये. एक फर्मा उलटा लागला आहे. बोटांना कळले. उसवू नये.'

'बांधणी'पुढे त्यांची सही आहे. 'तपासले'पुढची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

मी सगळी पानं मोजली, क्रम बघितला, उलटा फर्मा उलटा धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला, आणि सही केली. कोणी विचारलं तर सांगणार आहे, पाहिलं होतं.